आइसलँडचा परवाना परवडला, बँकेची फाईल नको

परदेशात एखाद्या लहान संस्थेत शिकायला जायचं असेल आणि पैसा बँकेचा लागणार असेल, तर एसओपी, म्हणजे ‘हे का शिकायचंय’ सांगणारं प्रवेशाचं निवेदन, लिहायला घेण्याआधी घराचे कागद कपाटातून काढा. आयईएलटीएस, शिफारसपत्रं, ऑनलाइन मुलाखत हे सगळं होऊन जातं. मला हे लिहायला लावलंय ते बँकेने, आणि राग अजून पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी नागपूरची, मेकॅनिकलची. रूफटॉप सोलरच्या कंपनीत नोकरी करत होते. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून कामाला तोटा नव्हता, पण काम म्हणजे गच्चीवर चढून मापं घ्या आणि नेट मीटरिंगचे, म्हणजे उरलेली वीज महावितरणला देऊन बिलातून वळती करण्याचे, अर्ज भरा. मला ओढ होती जमिनीखालच्या उष्णतेची, म्हणजे जिओथर्मलची. देशात गरम पाण्याचे झरे तीनशेहून जास्त आहेत. आपल्या शेजारी किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे, छत्तीसगडात तातापानी आहे. पण त्यावर शिकायचं तर जिथे हा धंदा रोज चालतो तिथेच जायला हवं, म्हणून आइसलँड.

रेक्याविक विद्यापीठात आइसलँड स्कूल ऑफ एनर्जी आहे. विषय ऊर्जा, एम.एस्सी. दोन वर्षांची, १२० क्रेडिट्सची. (पूर्वी उत्तरेला अकुरेरी गावात अक्षय ऊर्जेची एक चिमुकली शाळा होती, एका वर्षात एम.एस्सी. देणारी. ती आता बंद झाली. जुन्या लिंक शोधत बसू नका.) त्या देशाची वीज जवळजवळ सगळी पाण्यावरची आणि जमिनीतल्या वाफेवरची, साधारण सत्तर-तीस. दहातली नऊ घरं जमिनीतल्या गरम पाण्यावर ऊब घेतात. हेलिशेइदीचं त्यांचं मोठं भूऔष्णिक केंद्र ३०३ मेगावॅटचं आहे. आमच्या कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्राचा एकच संच ६६० मेगावॅटचा, त्यामुळे आकाराने दिपून जाण्यासारखं काही नाही. मला खेचलं ते हेलिशेइदीच्या आवारातल्या कार्बफिक्सने. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्ट खडकात सोडायचा. ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दोन वर्षांच्या आत दगड झाला, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि नागपूर बसलंय दख्खनच्या बेसॉल्टच्या पूर्व कडेवर. सीताबर्डीची टेकडी त्याच काळ्या दगडाची. माझी एसओपी सगळी या एका गोष्टीवर उभी होती, आणि मुलाखतीतही बोलणं त्यावरच झालं. तुम्हीही आपल्या गावची गोष्ट लिहा. ‘लहानपणापासून पर्यावरणाची आवड’ हे वाक्य लिहिणारे त्यांना ढिगाने भेटत असतील.

प्रवेश मिळाला. आता बँक.

विद्यालक्ष्मी पोर्टलवर एकाच अर्जात तीन बँका निवडता येतात. एका शाखेने ‘तुमचा एरिया आमच्याकडे येत नाही’ म्हणून हात झटकले. हे कोणी म्हटलं तर गप्प परत येऊ नका. घर शाखेच्या हद्दीत नाही या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच सांगून ठेवलंय. मी परत आले नाही, पण त्या शाखेशी भांडण्यात जीवही घातला नाही. दुसरीत गेले. तिचं नाव लिहीत नाही. नागपुरात राहणाऱ्याने अंदाज बांधत बसू नये, कारण अशा शाखा चौकाचौकात आहेत.

मे महिना. बाहेर पंचेचाळीस अंश, आत कूलरचा घरघराट आणि कर्ज विभागाच्या टेबलाशी पाच खुर्च्यांवर दहा माणसं. साहेबांनी कॉम्प्युटरवर संस्थांची यादी उघडली आणि एका बोटाने टाइप करायला लागले. आइसलँड टाकलं, आयर्लंड आलं. मी स्पेलिंग सांगत गेले, ते दोन अक्षरं मागे पुसत गेले. शेवटी मान वर करून म्हणाले, “मॅडम, यादीत नाही.”

यादीत नाही म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. बँकांकडे नामांकित संस्थांची एक यादी असते. त्यातल्या संस्थांना मोठी रक्कमसुद्धा विनातारण मिळू शकते. यादीबाहेरच्यांना साधारणपणे साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण द्यावं लागतं, म्हणजे घर नाही तर एफडी. शिवाय परदेशासाठी १५ टक्के आपल्या खिशातून. यादी बनते नावावर आणि मागे किती पोरं गेली त्यावर. जिथे वर्गच लहान, तिथे नागपूरच्या शाखेतून आधी कोण गेलेलं असणार? अभ्यासक्रम चांगला की वाईट हा प्रश्न त्या टेबलावर येतच नाही.

“प्लेसमेंट किती टक्के आहे तिथे?” मग, “पॅकेज?” आणि मग जो प्रश्न येणार हे मला घरून निघतानाच माहीत होतं, तो आला. “पण मॅडम, बर्फाच्या देशात सोलर कसं काय?”

मी समजावून सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात बाबा बोलले. बाबांची सगळी नोकरी कोराडीला बॉयलरवर गेली. “साहेब, सोलर नाही. आपल्या कोराडीसारखंच. वाफ येते, टर्बाइन फिरते. फक्त बॉयलर जमिनीच्या खाली आहे आणि कोळसा टाकावा लागत नाही.” साहेबांना पटलं. निदान कोराडी हा शब्द ओळखीचा निघाला. फाईल हातात घेतली आणि म्हणाले, “ठीक आहे काकाजी, घर तारण ठेवून करू. आरएल आहे ना?”

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते. शहराच्या चहू अंगांनी शेतजमिनींवर सोसायट्यांनी ले-आउट पाडले, लोकांनी प्लॉट घेतले, घरं बांधली. ते प्लॉट पुढे गुंठेवारी कायद्याखाली, म्हणजे २००१ च्या, नियमित झाले. त्याचं पत्र म्हणजे आरएल. विकास शुल्काची डिमांड भरली की ते मिळतं. इथे प्लॉट घेताना पाणी कुठून येतं याच्या आधी लोक ‘आरएल झाला का?’ विचारतात. आमचं घर मानेवाड्याच्या पुढे, पंधराशे फुटांचा प्लॉट, आणि बाबांनी आरएल केव्हाच करून ठेवला होता. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी तो असा काढला की जणू पदक आहे.

मला वाटलं, झालं. फाईल बँकेच्या पॅनलवरच्या वकिलांकडे गेली. ते तीस वर्षांचा सर्च घेतात, म्हणजे दुय्यम निबंधकाच्या नोंदी पाहून मालकी कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी लावतात. त्यांचा निरोप आला की खरेदीखत ठीक, आरएल ठीक, इंडेक्स-टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) ठीक, घरटॅक्स ठीक, पण आधीचं खरेदीखत मूळ पाहिजे. बाबांनी प्लॉट सोसायटीकडून थेट घेतलेला नव्हता, एका गृहस्थांकडून घेतला होता. त्या गृहस्थांच्या नावाने सोसायटीने जे करून दिलं, त्याची आमच्याकडे झेरॉक्स होती. मूळ नव्हतं.

आता माझी चिडचिड कशावर, ते सांगते. मूळ कागद मागणं चूक नाही. बँक पैसे देणार, तिला साखळी पक्की हवी. पण हे पहिल्या दिवशी एका कागदावर लिहून द्यायला काय हरकत होती? शाखेने दिलेल्या छापील यादीत ‘मालमत्तेची कागदपत्रे’ एवढे दोनच शब्द होते. त्या दोन शब्दांच्या पोटातून दर खेपेला एक नवा कागद निघत होता. आज मंजूर नकाशा, उद्या आकारणीचा उतारा, परवा बाबांच्या नावात कुठे ‘राव’ आहे आणि कुठे नाही म्हणून एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र. विचारलं की साहेब म्हणत, “आमचं नाही, वकिलांचं आहे.” वकील म्हणत, “मी ओपिनियन देतो, घ्यायचं की नाही ते बँकेचं.” मूल्यांकन करणारे येऊन गेले ते मात्र भले माणूस. टेप लावून मापं घेतली, फोटो काढले, पाणी प्यायले आणि वेळेत रिपोर्ट दिला.

आणि डोक्यावर १ जून. आइसलँडला शरद सत्रासाठी निवास परवान्याचा अर्ज तोपर्यंत तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात पोहोचायला हवा. त्यात पैशाचा पुरावा लागतो. माझा पुरावा वकिलांच्या टेबलावर.

मूळ खत हरवलं असेल तर रस्ता आहे, तोही सांगून ठेवते. पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, हरकतीसाठी दिलेली मुदत संपेपर्यंत थांबणं, निबंधकांकडून प्रमाणित नक्कल, वर हमीपत्र. सगळं कायदेशीर, सगळं होण्यासारखं, पण वेळखाऊ. साहेब म्हणाले, “करून टाका, काय आहे त्यात.” माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता.

बाबांनी मग आपल्या पद्धतीने काम केलं. प्लॉट विकणारे गृहस्थ नागपुरातल्या महाल भागात राहत होते एवढं आठवत होतं. जुन्या डायरीतला लँडलाइन नंबर केव्हाच मेलेला. कोराडीतल्या एका सहकाऱ्याचा साडू त्यांच्या गल्लीतला निघाला. एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या दारात उभे. काका ऐंशीच्या घरातले. आधी चहा झाला, मग बाबांनी आणि त्यांनी त्या सोसायटीच्या सेक्रेटरीला यथेच्छ शिव्या दिल्या, मग काका उठले. गोदरेजच्या कपाटातून डांबरगोळ्यांच्या वासाची एक रेक्झिनची बॅग आली. तीत लग्नपत्रिका, विम्याचे कागद, एका रेडिओचं लायसन्स आणि तळाशी पिवळट स्टॅम्पपेपरवर टाइप केलेलं आमचं खरेदीखत. घड्यांवर चिरलेलं, मागे निबंधकाचा जांभळा शिक्का, अंगठ्याचे ठसे. “तुम्ही तेव्हा मागितलं नाही, म्हणून राहून गेलं माझ्याकडे,” काका म्हणाले. मला विचारलं, “बेटा, कुठे जाऊन राहिली?” आइसलँड म्हटल्यावर म्हणाले, “तिथे मटन चांगलं मिळते म्हणतात.” कुठून ऐकलं होतं देव जाणे, पण तिथे माणसांपेक्षा मेंढ्या अनेक वर्षं जास्त होत्या, म्हणजे काका फार चुकले नाहीत.

तेव्हा पुनर्विक्रीतलं घर असेल तर आजच बघा, मागच्या मालकाचं मूळ खत तुमच्याकडे आहे का. कर्ज काढणार नसाल तरी बघा. माणसं म्हातारी होतात, मुलं बॅगा रद्दीत देतात.

हो, परवान्याच्या अर्जाला लागणाऱ्या पोलीस क्लिअरन्सचं, म्हणजे गुन्हा नसल्याच्या दाखल्याचं, राहिलंच. तो पासपोर्ट सेवा केंद्रातून घ्यायचा आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, लावून घ्यायचा. हा शिक्का मानणाऱ्या देशांच्या करारात भारत २००५ पासून आहे, त्यामुळे वकिलातीच्या वेगळ्या शिक्क्याची भानगड राहत नाही. पण दाखला फार लवकर काढू नका, जुना झालेला चालत नाही. आरोग्य विम्याचा कागदही त्यांच्या अटी वाचूनच घ्या. आपल्या इथले एजंट सरसकट युरोपचा ट्रॅव्हल इन्शुरन्स गळ्यात मारतात.

मूळ खत दिल्यावर वकिलांचं ओपिनियन आलं, फाईल वर गेली, मंजुरी आली. मी पत्र उघडलं. अभ्यासक्रमाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘एम.एस्सी. सोलर’.

मी पत्र तसंच साहेबांपुढे ठेवलं. ते म्हणाले, “एवढ्याने काय होते मॅडम, चालून जाईल.” नाही चालून जात. प्रवेशपत्रावर एक आणि पैशाच्या पुराव्यावर दुसरं असेल, तर परदेशातला अधिकारी कशाला आपली बाजू घेईल? बाबा खुर्चीत बसून राहिले आणि म्हणाले, “आम्ही इथेच आहोत, तुम्ही दुरुस्त करा.” जेवणाची सुट्टी झाली, उघडली, तरी बाबा तिथेच. पत्र दुरुस्त होऊन सही-शिक्क्यासह हातात आलं आणि त्याच संध्याकाळी कागदांचं पाकीट कुरिअरला गेलं. मुदतीत पोहोचलं.

हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमेल तसं ते भरत राहा. पुढे हे व्याज आठ वर्षं करपात्र उत्पन्नातून वजा करता येतं, अर्थात जुनी करपद्धत घेतली असेल तरच. कर्जाच्या पैशातून फी पाठवताना टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) कापायला कोणी निघालं तर सांगा, एप्रिल २०२५ पासून तो लागत नाही.

आणि काकांचं ते चिरलेलं खत आता आमच्या खरेदीखतासोबत बँकेत जमा आहे. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. बाबांनी त्याचं प्रिंटआउट काढून आरएलच्या पिशवीत ठेवलंय. बँकेने आम्हाला दिलेली कागदांची पोचपावतीही त्यालाच टाचली आहे, आणि तिच्यात साहेबांकडून एकेक कागद, तारीख आणि पानसंख्येसह, लिहून घेतला आहे.