बोलोन्याची ओसरी

इटलीतल्या बोलोन्याला मी आणि नवरा उतरलो तेव्हा धो धो पाऊस होता. मे महिना, त्यामुळे छत्री बॅगेच्या तळाशी. स्टेशनच्या दारात सामान उपसत बसायचा कंटाळा आला आणि तसेच निघालो. वीस-पंचवीस मिनिटं चालून मुक्कामी पोचलो, तर दोघंही जवळजवळ कोरडे! रस्ते ओलांडताना काय चार थेंब अंगावर आले असतील तेवढेच. पाच दिवसांनी परत निघालो तरी छत्री तळाशीच होती.

याचं श्रेय पोर्तिकोंना. वर घर, खाली कमानींच्या आडोशाची पायवाट, असं हे शहर बांधलंय. नुसत्या जुन्या शहरातच या कमानी ३८ किलोमीटर भरतात आणि बाहेरच्या धरल्या तर ६२. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हटलं. पण त्या उगवल्या कशा, ते मला जास्त मजेशीर वाटलं. इथलं विद्यापीठ १०८८ चं मानतात. विद्यार्थी आले, कारागीर आले, खेड्यांतून माणसं आली आणि जागा पुरेना. मग लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खालून लाकडी खांबांचे टेकू दिले. आपल्या भाषेत सरळसरळ अतिक्रमण. त्यावर हातोडा चालवायचा सोडून शहरानं १२८८ मध्ये उलटाच कायदा केला: नवं घर बांधाल तर पोर्तिको काढायलाच हवा. जागा मालकाची, डागडुजी मालकाची, चालणार मात्र अख्खा गाव.

वाईला आमच्या आजोळी ओसरी होती. पोस्टमन, भाजीवाली, चालून दमलेला कुणीही तिथे टेकायचा. तुम्ही कोण, असं आजी विचारायची नाही, पाणी विचारायची. बोलोन्यात एकाची ओसरी संपते तिथे शेजाऱ्याची सुरू होते. फरशीवरून मालक बदलल्याचं कळतं: इथे मोझॅइक, पुढे दगड, त्यापुढे गुळगुळीत काहीतरी, ज्यावर ओल्या बुटांनी मी एकदा चांगलीच घसरले. स्त्रादा माज्जोरेवर कासा इझोलानी नावाच्या घराला तेराव्या शतकातले उंचच उंच लाकडी खांब अजून आहेत. वर आढ्यात तीन बाण रुतलेत म्हणतात. मान दुखेपर्यंत पाहिलं, मला एकच दिसला. नवऱ्याला तिन्ही दिसले, असं तो म्हणतो.

आमची घरमालकीण सत्तरीच्या पुढची. आम्ही तिला सिन्योरा म्हणायचो. तिला इंग्रजी बेताचं, आम्हाला इटालियन त्याहून बेताचं, पण खाण्याचा विषय निघाला की भाषा आड यायची नाही. नवरा शाकाहारी आहे, हे कळल्यावर तिनं कागदावर सारण भरलेल्या पास्त्याचे दोन प्रकार लिहिले: तोर्तेल्लिनी आणि तोर्तेल्लोनी. पहिल्यावर फुली, दुसऱ्याखाली रेघ. पहिल्यात डुकराचं मांस असतं आणि ते मांसाच्याच रश्श्यात देतात. दुसरे आकाराने मोठे, आत रिकोता चीज, वर लोणी आणि सेजची पानं. एका अक्षरावर धर्म टिकून होता! तो कागद नवऱ्यानं पाचही दिवस पाकिटात जपला.

मी मात्र राग्गू, म्हणजे खिम्याचा घट्ट रस्सा, खाल्ला, रोज. जगभर ज्याला 'स्पॅगेटी बोलोनीज' म्हणतात, ते इथे विचारलं की वेटरचा चेहरा पडतो. राग्गू खायचा तो ताल्यातेल्ले नावाच्या पास्त्याबरोबर, कारण त्या रुंद पट्ट्यांना तो चिकटून राहतो. ही पट्टी शिजल्यावर ८ मिलिमीटर रुंद असावी, असा नियम आहे आणि १९७२ पासून तिचा सोन्याचा नमुना इथल्या व्यापारी मंडळाकडे ठेवलाय. हे माप म्हणे इथल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. पुरणपोळीच्या जाडीवरून पुणे-नागपूर वाद घालणाऱ्या आपल्यालासुद्धा हे सुचलं नाही.

सिन्योराच्या सांगण्यावरूनच एका दुपारी क्वाद्रिलातेरोच्या बाजारातून पाव, चीज आणि टोमॅटो घेऊन शेजारच्या गल्लीतल्या ओस्तेरिया देल सोलेमध्ये गेलो. हा गुत्ता १४६५ पासूनचा. इथे फक्त प्यायला मिळतं, खाणं आपलं आपण आणायचं. लांब टेबलावर समोर कॉलेजची पोरं. त्यातल्या एकाच्या डोक्यावर तमालपत्रासारख्या पानांचा मुकुट. त्याच दिवशी पदवी मिळाली होती म्हणे. आमच्या टोमॅटोतला एक त्याला दिला, त्यानं चीज दिलं.

सान पेत्रोनिओ चर्चमध्ये दुपारी एकच्या सुमाराला जायचं. जमिनीवर ६६.८ मीटर लांबीची रेघ आहे, १६५५ मध्ये कास्सिनी या खगोलशास्त्रज्ञानं आखलेली. छताजवळच्या भोकातून उन्हाचा एक गोल कवडसा येतो, फरशीवरून सरकत सरकत बरोबर मध्यान्ही त्या रेघेवर येतो. तोवर ऊन पडलं होतं, हे आमचं नशीब. कवडशाचं सरकणं नुसत्या डोळ्यांनी कळतं. एवढी शांत गंमत मी फार दिवसांत पाहिली नव्हती.

सान लुकाची टेकडीही चढलो. ६६६ कमानी, जवळपास चार किलोमीटर, सलग छताखालून. दरवर्षी मे महिन्यात वरच्या देवळातली मेरीची तसबीर मिरवणुकीनं शहरात आणतात. १४३३ मध्ये पाऊस थांबेना म्हणून तिला खाली आणलं आणि तो थांबला, अशी श्रद्धा आहे. कमानी नंतर बांधल्या, मिरवणूक भिजू नये म्हणून. शेवटचा चढ छातीवर येतो. सकाळी पळायला आलेल्या आज्या आम्हाला मागे टाकत होत्या.

स्टेशनवरचं एक घड्याळ १०:२५ ला थांबलेलं आहे. पहिल्या दिवशी नवरा म्हणाला होता, "आपल्यासारखंच, बंद पडलेलं." २ ऑगस्ट १९८० ला त्या वेळेला तिथे बॉम्ब फुटला, ८५ माणसं गेली. सिन्योरानं हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

आझिनेल्लीच्या शेजारचा गारीझेंदा हा बुटका, कललेला मनोरा २०२३ च्या ऑक्टोबरपासून धोक्याचा म्हणून कुंपणात आहे, त्यामुळे आझिनेल्लीच्या ४९८ पायऱ्या चढायची संधीही गेली. मला फारसं वाईट वाटलं नाही, गुडघ्यांना तर नाहीच. कुंपणापाशी चार-पाच आजोबा उभे होते, हात पाठीमागे बांधून, आतलं काम निरखत. अशा आजोबांना इथल्या बोलीत 'उमारेल' म्हणतात. जेसीबी चालू झाला की आपल्याकडेही हेच दृश्य, फक्त आपल्यात वयाची अट नाही. निघायच्या दिवशी गाडीला तासभर होता. मी जाऊन उभी राहिले, हात आपोआप मागे गेले. एका आजोबांनी वळून पाहिलं आणि न बोलता थोडं सरकून घेतलं.