टोल द्यायच्या आधी

माझ्या वर्गातली मंडळी हे वाचताना ‘भॉक’ म्हणून हसतील. हसू देत. निम्म्यांनी ते माझ्या कानाशी करून पाहिलंय.

दचकतात सगळेच. पण माझ्यामागे काही वाजलं की अंग ताठ व्हायचं आणि मी ओंडक्यासारखा आडवा. हात पुढे यायचेच नाहीत, त्यामुळे थेट तोंडावर. हनुवटीवरचे टाके अजून दिसतात. फिट आली म्हणून लोक चप्पल नाकाशी धरत. मी पूर्ण शुद्धीत असे, त्यामुळे गावातल्या बऱ्याच चपलांचा वास मला माहीत आहे. फिटच्या गोळ्याही झाल्या, त्यांनी नुसती झोप यायची.

शाळेत कोणालाच या प्रकाराचं नाव माहीत नव्हतं. तरी आपल्या शिपाईकाकांनी उपाय काढला होता. रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारण्याआधी ते आमच्या खिडकीशी येत आणि हाळी देत, “देतंय रे टोल!” आवाज येणार हे ठाऊक असलं की मी दचकायचो, पण पडायचो नाही. गणिताच्या सरांनी टेबलावर डस्टर आपटणं सोडलं. वर्ग फार गोंगाट करू लागला की ते फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘बास’ लिहून आमच्याकडे बघत उभे राहत. शांत व्हायला वेळ लागायचा, पण व्हायचो. पीटीच्या शिट्टीवर मात्र इलाज सापडला नाही. मी मैदानाच्या कडेला बसून धावांचा हिशेब ठेवत असे.

नाव कळलं ते नोकरीला लागल्यावर, मुंबईत. डॉक्टरांनी बोलता बोलता माझ्या नाकाच्या शेंड्यावर टिचकी मारली आणि माझी मान झटक्यात मागे गेली. पुन्हा टिचकी, पुन्हा झटका. हायपरएकप्लेक्सिया. हा फिटचा आजार नव्हे. ग्लायसिन नावाचं द्रव्य मेंदूच्या देठात आणि मज्जारज्जूत नसांना आवरून धरतं. माझ्यात ते नसांवरच्या ज्या ग्राहकावर, म्हणजे रिसेप्टरवर, काम करतं तोच जन्मतः बिघडलेला. याचा एक जनुक १९९३ साली सापडला. आमच्या आत्याला घरात ‘दचकी’ म्हणत, तिचंही कोडं तेव्हा सुटलं. क्लोनाझेपामची छोटी गोळी घेतो, पडणं जवळजवळ थांबलंय.

शाळेमागचा काजरा आठवतो? त्याच्या बियांतलं स्ट्रिक्निन हे विष नेमक्या याच ग्राहकाला अडवतं. म्हणून विषबाधा झालेला माणूस जराशा आवाजाने आखडतो. त्या बिया गोळा करताना बाईंनी आम्हाला बदडलं होतं, ते योग्यच केलं म्हणायचं.

शाळेच्या सोहळ्यात ढोलपथक आहे असं पत्रिकेत वाचलं. येणार नक्की. संयोजकांनी मला अगदी पुढची खुर्ची द्यावी. ढोल कुठेही असो, टिपरू वर जाताना मला दिसलं पाहिजे.