गलक्याची फोड

चारजण एकदम बोलत असतात आणि आपण त्यातल्या एकाचंच बोलणं नीट ऐकत असतो. सवयीमुळे यात काही विशेष वाटत नाही. पण कानाच्या पडद्याशी चार आवाज येतच नाहीत. हवेतच सगळ्या लहरींची बेरीज होते आणि पडदा एकच काय ती थरथर करतो. बेरीज सतरा आली, तर आकडे कोणते होते ते सांगा, असं हे गणित.

पहिली फोड आतला कान करतो. तिथल्या शंखासारख्या नळीत सुमारे ३५ मिलिमीटर लांबीची पट्टी असते. उंच स्वर तिच्या सुरुवातीला थरथरतात, खर्जातले पार टोकाला. पुढचं काम मेंदूचं, आणि ते नाती जुळवण्याचं. पुरुषाचा आवाज १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० कंपनांचा, असेल तर त्याच्यासोबत २४०, ३६०, ४८० येतात. बाईचा २०० चा असेल तर ४००, ६००. पटीत बसणारे एका घरचे. एकदम सुरू होणारे आणि एकदम थांबणारेही एका घरचेच. म्हणून सारख्याच उंचीच्या आवाजात बोलणाऱ्या दोन पुरुषांचं बोलणं वेगळं करताना मेंदू जास्त दमतो.

दिशेचीही मदत असते. बाजूने येणारा आवाज दूरच्या कानाला फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि याहून कितीतरी बारीक फरकही मेंदूला कळतो. टेबलावर एकच माइक ठेवून केलेलं ध्वनिमुद्रण नंतर ऐकताना जीव का जातो, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. दिशा पुसली गेलेली असते.

नको असलेल्या आवाजाचं काय होतं? कॉलिन चेरी या संशोधकांनी १९५३ मध्ये ऐकणाऱ्यांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एकच मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानात पुरुषाऐवजी बाई बोलू लागली ते कळलं. भाषा बदलली ते नाही कळलं!

खरी गंमत मात्र एकाच तोंडातून येणाऱ्या आवाजांची. ‘कू’ म्हणताना ‘क’ सुटण्याआधीच ओठांचा चंबू झालेला असतो, म्हणजे ऊ हा क मध्येच मिसळलेला. ‘पोपट आला’ म्हणा: क्षणभर आवाज तुटतो तो दुसऱ्या प च्या आणि ट च्या आधी, शब्दाच्या पोटात. दोन शब्दांमध्ये फट नाहीच. शब्द तोडतो तो मेंदू, माहितीच्या भाषेच्या जोरावर. अनोळखी भाषा म्हणूनच सुसाट वाटते.

उतारवयात बहुधा उंच स्वर आधी जातात, आणि त्यांच्यासोबत स, श, फ यांचा कडकपणा. मग ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार. अशा माणसाशी ओरडून बोललं की मुख्यतः अ, आ, ओ असे स्वरच मोठे होतात, व्यंजनं मागेच राहतात. समोर, उजेडात बसून सावकाश बोलावं, ओठ दिसू द्यावेत. श्रवणयंत्र समोरचा आवाज जास्त उचलणारं असेल, तर गलका त्या माणसाच्या पाठीशी राहील अशी खुर्ची निवडावी.