ग्रॅफ्लेक्स सेबर अपडेट: रिकामी हिल्ट आली, ब्लेड पेटलं, बेल्ट बाकी

काल रात्री साडेअकराला माझ्या लाइटसेबरचं, म्हणजे स्टार वॉर्समधल्या प्रकाशाच्या तलवारीचं, ब्लेड पहिल्यांदा टोकापर्यंत एकसारखं निळं पेटलं. बाबांनी हॉलमधली ट्यूब बंद केली आणि आम्ही दोघं पाच मिनिटं काही न बोलता नुसते बघत बसलो. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा पार्सल कस्टममध्ये अडकलेलं होतं, त्यानंतर इतकं काही झालंय की आता सगळं एकदमच लिहिते.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. मला हिरो ल्यूक स्कायवॉकरचं पहिलं सेबर हवं होतं, १९७७ च्या स्टार वॉर्समधलं, शोकेसमध्ये ठेवायला आणि कॉस्च्यूमवर लटकवायला पण. तयार पेटणारं घ्यायचं नाही, रिकामी हिल्ट, म्हणजे नुसती मूठ, घ्यायची आणि आतलं सगळं आपण करायचं हे आधीपासून ठरलेलं. कारण मुळात ते सेबर पण असंच बनलेलं आहे. सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चनला लंडनमधल्या एका फोटोग्राफीच्या दुकानात ग्रॅफ्लेक्सच्या जुन्या फ्लॅशच्या मुठी सापडल्या, म्हणजे पूर्वी प्रेस फोटोग्राफर मोठ्या कॅमेऱ्याला जो फ्लॅश लावायचे ना, आत तीन जाडे सेल आणि वर गोल वाटीसारखा रिफ्लेक्टर, त्याची मूठ. त्याने वाटी काढली, मुठीला कपाटाच्या टी-ट्रॅकच्या (टी आकाराच्या) काळ्या पट्ट्या चिकटवल्या, क्लॅम्पमध्ये, म्हणजे मुठीला आवळणाऱ्या कड्यात, एका कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची पारदर्शक पट्टी बसवली, खाली कडी लावली. बस. खलनायक डार्थ व्हेडरचं सेबर पण फ्लॅशच आहे, फक्त एमपीपी नावाच्या ब्रिटिश कंपनीचं. ल्यूकचा गुरू ओबी-वॅनच्या सेबरमध्ये तर नळाची चावी आहे, जेट इंजिनाचा पाइप आहे आणि पहिल्या महायुद्धातल्या रायफल ग्रेनेडचा भाग आहे. मला या सगळ्यात हेच सर्वात जास्त आवडतं, की पडद्यावर जी वस्तू दुसऱ्या आकाशगंगेतली वाटते ती कुणाच्या तरी दुकानाच्या मागच्या फळीवर धूळ खात पडलेली होती.

खरा जुना ग्रॅफ्लेक्स फ्लॅश आता माझ्या आवाक्यात नाही, आणि असता तरी चांगला चालू फ्लॅश मोडायला माझा हात झाला नसता. म्हणून रेप्लिका. बाजारात मोटामोटी तीन प्रकार दिसले. एक मोठ्या खेळणी कंपनीचं कलेक्टर एडिशन, लाइट आवाज सगळं आत, पण उघडून काही करायचं म्हटलं तर अवघड. दुसरं अॅल्युमिनियमचं स्वस्त, लेथवर काढलेलं, लांबून छान दिसतं पण क्लॅम्प खोटा असतो, उघडत नाही, लाल बटण दाबलं जात नाही. तिसरं म्हणजे मूळ फ्लॅशच्या मापाची पितळी नळी, वर निकेल, क्लॅम्पची लिव्हर खरी उघडते. माझं मत विचाराल तर पैसे जमवायला सहा महिने जास्त लागले तरी तिसरं घ्या. मी ते घेतलं, शिपिंग आणि ड्यूटी धरून सतरा हजारांच्या थोडं वर गेलं.

आता कस्टम. पार्सल अकरा दिवस अडकलं कारण विकणाऱ्याने कागदावर नुसतं 'टॉय' लिहून टाकलं होतं, आणि खेळण्यांवरची बेसिक ड्यूटी आपल्याकडे २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. तो मार्क बाहेरून एक नग पाठवणाऱ्याकडे कुठून असणार. मी आधारची कॉपी, पेमेंटचा स्क्रीनशॉट, वस्तूचे फोटो असं सगळं पाठवलं आणि सरळ लिहिलं की ही मोठ्या माणसाने शोसाठी घेतलेली धातूची मूठ आहे, आत सेल नाही, सर्किट नाही. सुटलं. तर मागवायच्या आधी विकणाऱ्याला स्पष्ट सांगा की बिलावर वस्तू काय आहे आणि कशाची आहे ते नीट लिही, आणि किंमत कमी दाखवायला अजिबात सांगू नका, त्याने अडकतंच जास्त. अजून एक. मला दोघांनी विचारलं होतं की त्याच सिनेमातल्या हान सोलोचं ब्लास्टर, म्हणजे बंदूक, मागवू का. ते माउझर सी९६ या खऱ्या पिस्तुलावर बनवलेलं आहे, त्याची चांगली रेप्लिका हुबेहूब पिस्तूलच दिसते. ते बाहेरून मागवू नका. हवंच असेल तर थ्रीडी प्रिंट करा, पुढचं टोक नारिंगी ठेवा आणि घरातच ठेवा.

बॉक्स उघडला तेव्हा आई भाजी निवडत होती. तिने हिल्ट हातात घेतली, वजन बघितलं, खालच्या कडेला नखाने घासलं जिथे निकेल जरा पातळ होतं आणि म्हणाली, "अगं हे पितळ आहे, चिंच लावून घासू का?" मी आधी घाबरले, पण तिने बोट ठेवलं ती जागा बघा, कडेला केसाएवढी पिवळी रेघ. जुन्या फ्लॅशला हाताळून हाताळून अशीच रेघ येते. ती मी तशीच ठेवली आहे. बाकी वेदरिंग, म्हणजे वस्तू जुनी वापरलेली दिसावी म्हणून करतात ते, मी फार कमी केलं, अगदी बारीक स्टील वूल एकाच दिशेने हलक्या हाताने, मग काळ्या अॅक्रिलिकचं पातळ पाणी खाचांमध्ये सोडून लगेच पुसून घेतलं. सँडपेपर लावू नका प्लीज, त्याचे ओरखडे गोल गोल दिसतात आणि परत जात नाहीत.

ग्रिपच्या पट्ट्या सोबत आल्या होत्या पण पीव्हीसीच्या, चकचकीत, आणि वाकवल्या की पांढऱ्या पडत होत्या. तीन रविवार गेले यात. इथे इंदूरला सियागंजमध्ये हार्डवेअरच्या गल्लीत फिरले, कुणाला टी-ट्रॅक माहीत नाही, शेवटी सुदामा नगरला अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडे काळं रबर गॅस्केट मिळालं ज्याचा आडवा छेद जवळजवळ टी सारखाच आहे. त्याने दोन मीटर तसंच दिलं, पैसे घेतले नाहीत. उंची जरा जास्त होती ती स्टीलच्या पट्टीला धरून ब्लेडने कापली, आणि चिकटवायच्या आधी नळीवर पेन्सिलने रेघा मारून घेतल्या, कारण एक पट्टी जरी तिरकी गेली तरी डोळा नेमका तिकडेच जातो. रबरावर सफेदी येत होती, ती स्पिरिटने पुसली की पकड घट्ट बसते.

क्लॅम्पमधली बबल पट्टी, ती कॅल्क्युलेटरवाली पारदर्शक, मात्र सोबत आलेलीच ठेवली. ही गोष्ट मला मागच्या महिन्यापर्यंत माहीत नव्हती की ते गोल गोल फुगे शोभेचे नाहीत, त्या काळातल्या कॅल्क्युलेटरचे एलईडी आकडे इतके बारके असायचे की प्रत्येक आकड्यावर एक छोटं भिंग बसवायला लागायचं. पुढच्या, १९८० च्या सिनेमात त्याच जागी सर्किट बोर्डाची सोनेरी दातांची पट्टी आहे. तेव्हा घेताना आधी ठरवा तुम्हाला कुठल्या सिनेमातलं हवंय, दोन्हीची भेळ करू नका.

आता मुख्य काम, ब्लेड. मी पिक्सेल ब्लेड घेतलं, ३२ इंची पॉलिकार्बोनेटची नळी आणि आत पाठीला पाठ लावून दोन एलईडी पट्ट्या, मीटरला १४४ एलईडीवाल्या, म्हणजे दोन्ही मिळून २३० च्या वर. मारामारी खेळायची असेल तर हे घेऊ नका, त्याला मुठीत एकच मोठा एलईडी असलेलं बेसलिट चांगलं, रिकामी नळी कितीही आपटा. पण पिक्सेलमध्ये ब्लेड मुठीपासून टोकाकडे सरसरत पेटतं, आणि मला तेच हवं होतं. साउंड बोर्ड, म्हणजे आवाज आणि लाइट चालवणारं सर्किट, ऑनलाइन घेतला, सेल आणि वायर जेल रोडच्या डॉलर मार्केटच्या बाजूच्या दुकानातून. सेल १८६५० नंबरचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, नंबरातच माप आहे. घेताना तो जास्त करंट देणारा आहे ना हे बघूनच घ्या, पॉवर बँकेतला काढून लावू नका.

मी सगळं जोडलं, पेटवलं, आणि निळं टोकाकडे मंद. टक्कर लागल्यावरचा पांढरा फ्लॅश तर मुठीपाशी पांढरा आणि टोकाला लालसर. दोन दिवस मी बोर्डाच्या सेटिंगमध्ये शोधत बसले. तिसऱ्या दिवशी बाबा चहा घेऊन मागे उभे राहिले आणि म्हणाले, "शेवटच्या बल्बला पोचतच नाहीये काही. वायर बघ ना किती बारीक आहे."

बाबा मिलमध्ये इलेक्ट्रिकलला होते. इंदूरच्या वाचकांना अनंत चतुर्दशीच्या मिलांच्या झांक्या, म्हणजे फिरते देखावे, वेगळ्या सांगायला नकोत, रात्रभर रस्त्याने चालणाऱ्या, हजारो बल्बच्या. बाबा त्यांची वायरिंग करायचे. मी त्यांना ब्लेड सरसरत पेटताना दाखवलं तर त्यांनी लगेच कागद ओढला आणि ड्रम काढून दाखवला: लाकडी रोलर, त्यावर तिरक्या बसवलेल्या तांब्याच्या पट्ट्या, छोटी मोटर तो फिरवते आणि पट्टी ज्या पत्तीला टेकते ती ओळ पेटते, मग पुढची, मग पुढची. त्यावर ते गंगा वाहती दाखवायचे, सुदर्शन चक्र फिरतं दाखवायचे. "तुझ्याकडे ड्रम त्या चिपमध्ये आहे, एवढाच फरक." खरंच तेवढाच फरक आहे, प्रत्येक एलईडीच्या आत एक बारकी चिप असते आणि ती आपला आदेश घेऊन बाकीचा पुढच्याला देते.

आणि टोकाला वीज पोचत नाही, म्हणजे व्होल्टेज ड्रॉप, हे पण त्यांचंच बरोबर निघालं. एक एलईडी पूर्ण पांढरा असताना ६० मिलिअॅम्पपर्यंत घेतो, निळा असताना त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, म्हणजे पूर्ण ब्लेड पांढरं झालं की हिशोब १४ अॅम्पच्या घरात जातो. बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं, आणि निळ्या-हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं म्हणून टोकाला तेच दोन आधी मान टाकतात आणि लाल उरतो. बाबांनी सांगितलं ते केलं, झांकीत लांब माळेला दोन्ही टोकांनी फीड द्यायचे तसं. मुठीतली वायर जाड केली आणि दोन पट्ट्यांच्या मधून एक जोडी टोकापर्यंत नेऊन तिथे पण प्लस-मायनस जोडलं. पट्ट्या नळीतून ओढून काढताना डिफ्यूझरची (प्रकाश पसरवणारी) फिल्म एका ठिकाणी चुरगळली, ती नवीन घातली. सोल्डरिंग बाबांनी केलं, त्यांच्या जुन्या लाकडी दांड्याच्या सोल्डरिंग आयर्नने नाही, माझ्या टेम्परेचरवाल्याने, पण हात त्यांचाच. प्रत्येक टाका चकचकीत, मिरीएवढा. तीन संध्याकाळी लागल्या.

मध्ये खंडेनवमी झाली. आईने दरवर्षीसारखे बाबांचे टेस्टर, पक्कड, मल्टिमीटर पाटावर मांडले, आणि न विचारता हिल्ट पण उचलून त्यांच्या शेजारी ठेवली, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. क्लॅम्पच्या खाचेत थोडं कुंकू अजून आहे. ते मी पुसणार नाहीये.

आता राहिलं कॉस्च्यूम. ट्यूनिकसाठी एमटी क्लॉथ मार्केटमधून जाड विणीचं ऑफव्हाइट सुती कापड साडेतीन मीटर आणलंय, धुऊन सुकत घातलंय, आधी आटू दे मग शिवायचं. बेल्टसाठी इथल्या चामड्याची खेळणी बनवणाऱ्या एका कारागिराशी बोलले, तो पुढच्या मंगळवारी माप घेणार. माझी अडचण कडीची आहे, पेटलेलं ब्लेड काढून नुसती हिल्ट लटकवली तरी आत सेल असल्यामुळे वजन खाली येतं आणि कडी चालताना क्लिपमधून सुटते. कुणी पितळी हिल्ट बेल्टवर लटकवून दिवसभर फिरलं असेल तर क्लिप कुठली लावली ते फोटोसकट सांगा, मंगळवारच्या आत सांगितलंत तर बेल्टला भोक त्याप्रमाणे पाडून घेता येईल.