तोंड वाढलं

लातूर, ११ मार्च

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टहून आल्यापासून जो भेटतो तो दोनच गोष्टी विचारतो. खर्च किती आला, आणि तिथं नोकरी लागते का. शिकलीस काय, हे अजून कुणी विचारलं नाही. म्हणून वहीलाच सांगते.

विषय पाण्याचा होता. स्थापत्यच्या तिसऱ्या वर्षात एक सत्र बाहेर करायची संधी आली, शिष्यवृत्ती मिळाली, गेले. मी लातूरची. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर, तेव्हा मी शाळेत होते. त्याआधीपासूनच पाणी भरायच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती. आणि नेदरलँड्स म्हणजे असा देश, की चौथा हिस्सा जमीन समुद्रसपाटीच्या खाली, पंप लावून रोज पाणी बाहेर फेकायचं. पाण्याचा कारभार बघायला तिथं वेगळी जलमंडळं आहेत, त्यांची निवडणूक वेगळी, कर वेगळा. डेल्फ्ट भागातलं मंडळ १२८९ पासूनचं. तेव्हा आपल्याकडं देवगिरीवर यादव होते!

थंडी, समोरून येणारा वारा, साडेचारला पडणारा अंधार, हे सगळं सगळेच सांगतात. ते सोडून देते.

मला जड गेलं ते बोलणं. मी लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेली. सराव परीक्षा, घड्याळ लावून पुन्हा सराव परीक्षा, आणि उत्तर पक्कं येत असेल तरच हात वर. पॅटर्नला नावं ठेवणार नाही, सलग सहा तास बसायची सवय त्यानंच लावली. पण तिथली पोरं उत्तर येत नाही म्हणूनच हात वर करायची. प्राध्यापकांना पहिल्या नावानं हाक मारायची. 'सर' म्हटलं की ते हसायचे, आणि नाव घ्यायला माझी जीभ वळेना. मग मी हाकच मारायची नाही. त्यांची नजर माझ्याकडं वळेपर्यंत शेजारी उभी राहायचे.

पहिल्या विषयात १० पैकी ७ आले. फोनवर अण्णा म्हणाले, "सातच?" तिथं ६ ला पास, ७ म्हणजे चांगले, दहा तर क्वचितच देतात, असं मी समजावत होते. ते "बरं बरं" म्हणाले. अण्णांचं 'बरं बरं' म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

बोलायला लागले ते दुष्काळामुळं. वर्गात विल्निस गावाचा विषय निघाला. ऑगस्ट २००३ मध्ये तिथला कालव्याचा बांध रात्री सरकला आणि वस्तीत पाणी शिरलं. कारण पूर नव्हे, कोरडा उन्हाळा. बांध पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा. ती वाळली, हलकी झाली, आणि कालव्याच्या पाण्यानं बांध ढकलून दिला. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात तर त्यांनी असल्या बांधांवर पाणी शिंपडलं. दुष्काळानं वस्तीत पाणी शिरतं हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर गटात काम होतं, कोरड्या उन्हाळ्यात पाणी कुणाला किती द्यायचं ते ठरवायचं. घरगुती वापर त्यांनी धरला माणशी रोज १२० लिटर, आणि अगदीच टंचाई आली तर दहा टक्के कपात. मी म्हटलं, हे चूक आहे. इतकं साधं वाक्य, पण तोवर मी ते कुणाला तोंडावर म्हटलेलं नव्हतं. गटातला डच पोरगा म्हणाला, "मग दाखव." मी फळ्यापाशी गेले. आमच्याकडं जलजीवन मिशनमध्ये खेड्यात माणशी ५५ लिटर द्यायचं हेच उद्दिष्ट आहे, ते लिहिलं. मग आईचा हिशोब काढला. भाज्या धुतलेलं पाणी झाडाला, अंघोळीचं फरशीला, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासात. पिण्याच्या घागरीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. अहवालातलं ते प्रकरण माझ्याकडं आलं.

दुसऱ्या दिवशी त्याच पोरानं सगळ्यांसमोर माझी आकडेमोड खोडून काढली. माझा चेहरा पडला. संध्याकाळी मात्र तो कॉफीला चल म्हणून दारात उभा. त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

गावी, १५ मार्च

औसा तालुक्यातल्या आमच्या गावात याच्या बरोबर उलटं. इथं आकडा खोडला की माणूस दुखावतो.

ओसरीवर नव्या बोअरची बैठक बसली होती. अण्णा, काका, जमिनीतलं पाणी कुठं आहे ते सांगणारा पाणाडी, आणि तमिळनाडूच्या बोअरगाडीचा एजंट. पाणाड्याच्या तळहातावर बांधाजवळ नारळ उभा राहिला होता, म्हणजे त्याच्या मते पाणी तिथंच. सातशे फूट घ्यायचं ठरत आलेलं.

मी विचारलं, "अण्णा, मागची किती फुटांवर फेल गेली?"

"बाई, तू आधी चहा टाक," काका म्हणाले.

अण्णा म्हणाले, "सहाशे वीस."

"आणि त्याच्या आधीची?"

"पाचशे."

"मग सातशेला लागंल हे कशावरून?"

सगळ्यांनी पाणाड्याकडं बघितलं. काका म्हणाले, "तिकडं जाऊन तोंड वाढलं पोरीचं."

कान तापले, पण उठले नाही. सांगितलं, की आपला काळा पाषाण, पाणी वरच्या मुरमात आणि भेगांत, आणि खाली जावं तशा भेगा कमी होतात. भूजल कायद्यात तर ६० मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली जायला बंधन आहे. "कायदा कोण पाळायलंय?" काका म्हणाले. खरंच होतं ते. मग त्यांनी विचारलं, "उसाला पाणी कुठून आणू? हॉलंडातून?"

सगळे हसले, मीही. "मला माहीत नाही काका," म्हटलं. "पण आधी आसपासच्या विहिरींचं पाणी मोजू. कुठली कधी आटते ते तरी कळंल."

एजंटला घाई होती. अण्णांनी त्याला आठ दिवस थांबायला सांगितलं. पाणाड्याला दिलेले पैसे परत मागायची हिंमत कुणाला झाली नाही, मलाही नाही.

रात्री काकांचा फोन. "उद्या माझ्या विहिरीचं पण मोजून जा. फक्त ऊस मोड म्हणायला येऊ नको."