पोटात काय आहे

रविवारी दुपारी बोंबलाच्या पोटातून बोटभर लांबीचा आणखी एक बोंबील निघाला. शाबूत, डोळ्यांसकट. लेकीनं फोनमधून मान न काढता "ई" केलं, विषय संपला. पण मला हे बघायचंच असतं. गणेश पेठेतली मासळीवाली साफ करून द्यायला लागली की मी म्हणते, "राहू द्या मावशी, घरी करते." तिला हा शुद्ध वेडेपणा वाटतो.

खोड आईची. आम्ही नारायण पेठेतल्या वाड्यात भाड्यानं राहायचो. मालकांना वास जाऊ नये म्हणून मासे असले की खिडकी बंद आणि उदबत्ती चालू. त्यामुळे उदबत्तीचा वास आला की अख्ख्या वाड्याला कळायचं, आज काय आहे ते. आई नगरकडची, ताज्या मासळीशी ओळख लग्नानंतरची. मोरीशी विळी घेऊन बसायची, डोकं उडवायची आणि पोटावर अंगठा दाबायची. बहुतेकदा जवळ्याचा गुलाबी लगदा यायचा, एखाद्या वेळी बोंबलाचंच पिल्लू. "खादाड मेला!" मग धुतलेले बोंबील फडक्यात गुंडाळून पाट्याखाली. थोड्या वेळानं फडकं पिळलं की पाणीच पाणी. इतकं खाऊन अंगात नुसतं पाणी? जातं कुठे सगळं?

बोंबलाच्याच गणातला एक मासा खोल समुद्रात असतो, लान्सेटफिश. हजार-दीड हजार मीटर खालीसुद्धा सापडतो. लांबी दोन मीटरपर्यंत, पाठभर उंच पर, तोंडात सुळे. पण अंगावर खवले नाहीत आणि मांस असं पाणचट, लिबलिबीत की लांबचा पाठलाग त्याच्याच्यानं होणार नाही. दबा धरायचा, समोर आलं की गिळायचं. म्हाकूल, कोळंबी, मासे, आपल्याच जातीची पोरंसुद्धा. आणि गिळलेलं लगेच पचवायचं नाही! पोट कापलं की आतला ऐवज ओळखू येण्याइतका धड निघतो. ट्यूनासाठी टाकलेल्या गळांना हा नको असताना लागतो. मच्छीमार वैतागतात, संशोधक मात्र खूश, कारण एरवी हाती न लागणारे जीव याच्या पोटात आयते मिळतात. प्लास्टिकही मिळतं. उत्तर प्रशांत महासागरातल्या 192 लान्सेटफिशांची पोटं तपासली, त्यांतल्या 47 मध्ये होतं. 2013 सालची गोष्ट.

न पचवण्यामागचा तर्क असा, की त्या अंधारात पुढचा घास कधी मिळेल याचा भरवसा नाही. मिळालं तेवढं भरून ठेवायचं, पचवायचं नंतर, लागेल तसं. पोट कसलं, माळाच तो.

हे वाचल्यापासून "खादाड" म्हणवत नाही. 1972 च्या दुष्काळात आई बारा-तेरा वर्षांची होती. वडील खडी फोडायच्या कामावर, घरात मिलोची लाल भाकरी, कधी सुकडी. ते ती कधी रंगवून सांगत नसे. पण आम्ही पानात अर्धी पोळी टाकली की ती उचलून खायची. जेवण झालेलं असायचं, ढेकरही दिलेला असायचा, तरी खायची. पुढे घरात फ्रिज आला, तरीही.