गॅरेजचा नवा पाया: पाईल आणि बीम झाले

पाईल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) झाले, त्यांना वरून जोडणारा ग्रेड बीमही झाला. आता भिंत चढवायची. कोल्हापूरच्या कसबा बावड्याकडची माती वेगळी सांगायला नको: काळी, पाण्यानं फुगणारी, वाळली की आकसणारी. उसाला उत्तम, पण हलक्या बांधकामाला फार वाईट.

जुना पाया दोन फूट खोल, डबराचा. पावसाळ्यात मागची भिंत वर यायची, उन्हाळ्यात परत बसायची आणि तडा दरवर्षी रुंदावायचा. शटर अडकायला लागलं, वडिलांच्या लेथचा (धातू कातायच्या यंत्राचा) बेड लेव्हल सोडून गेला. बघायला येणारा म्हणायचा, "पाया खचलाय." माझं मत वेगळं आहे: भिंतीला खचण्यापेक्षा उचलण्यानं फाडलं. दुमजली घराचं वजन फुगणाऱ्या मातीला बरंच दाबून धरतं. पत्र्याच्या गॅरेजमध्ये तेवढं वजनच नसतं. म्हणून एकाच आवारात घर शाबूत राहिलं आणि गॅरेज फाटलं.

माती किती फुगते हे तपासायची साधी चाचणी आहे, जरूर करा. माती वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. १०० मिलीच्या दोन नळ्यांत १०-१० ग्रॅम टाकायची, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. हलवून हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. माझी पाण्यातली माती जवळजवळ दुप्पट दिसत होती.

एक उपाय होता काळी माती काढून मीटरभर न फुगणारा, चिकट मुरूम दाबून भरायचा. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी मांडलेली ही पद्धत मला आवडते. पण घराच्या भिंतीला लागून एवढं रुंद खोदणं मला पटलं नाही. म्हणून रुडकीच्या सीबीआरआयनं (केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं) काळ्या मातीसाठी विकसित केलेले अंडर-रीम्ड पाईल घेतले. खांब २५० मिमी, तळाशी अडीच पट व्यासाचा फुगा, खोली साडेतीन मीटर. तिथवर गेलं की पावसाळा-उन्हाळ्याचा फरक जवळपास जाणवत नाही.

गवंडीमामांनी विचारलं, "एवढ्याशा गॅरेजला बारा फूट कशाला?" हाताच्या ऑगरनं (मातीत भोक पाडायच्या गिरमिटानं) भोक पाडताना उत्तर मिळालं. वर भेगा पडलेली ढेकळं, आणि तळातून ऐन उन्हाळ्यात थंड, ओलसर माती. मामांनी ती मुठीत दाबून पाहिली आणि पुढची भोकं स्वतः उभं राहून पाडून घेतली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ग्रेड बीम जमिनीवर टेकवायचा नाही, खाली किमान ८० मिमी पोकळी हवी. नाहीतर माती फुगून बीमलाच ढकलते आणि पाईलचा खर्च वाया जातो. आम्ही खाली वाळू भरून त्यावर बीम ओतला, मग वाळू उकरून काढली. ही पोकळी दिसली की कामावरच्या कुणाचाही हात मुरूम ठासायला जातो. त्या दिवशी जागेवर हजर राहा. बाजूनं माती आत घसरू नये म्हणून सुट्या विटा लावल्या आहेत.

सिमेंट पीपीसी (फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं) आहे, म्हणून क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, दहा दिवस. पोती ओली ठेवतोय, वळीव आला तर तेवढीच मदत.

राहिलं ते असं: फरशीचा काँक्रीट थर मुरमावर, बीमला न जोडता. लेथला स्वतंत्र बैठक. छपराचं पाणी पाईपनं थेट गटारात आणि भिंतीभोवती तीन फुटांची उताराची पट्टी. भिंतीलगतचा शेवगा काढायचा आहे, पण आधी फांद्या दुसरीकडे लावून घेतो.